मेंदूत नव्या पेशी रुजवताना: अँडर्स ब्यॉर्कलुंड, लुंड आणि पार्किन्सन

निग्रा

फेब्रुवारी २०२३ मध्ये स्वीडनमधल्या लुंडच्या स्कोने विद्यापीठ रुग्णालयात पार्किन्सनच्या एका रुग्णाच्या मेंदूत भ्रूण मूलपेशींपासून बनवलेल्या पेशी सोडण्यात आल्या. स्टेम-पीडी नावाच्या चाचणीतला हा पहिला रुग्ण. आपल्याकडे बातमी 'स्टेम सेलचा चमत्कार' अशीच आली. खरं तर त्याच गावात हे काम सत्तरच्या दशकापासून चालू आहे आणि त्यामागचं मुख्य नाव आहे अँडर्स ब्यॉर्कलुंड (जन्म १९४५). या एका माणसाची संशोधनाची वाट नीट पाहिली की 'मेंदू दुरुस्त करणं' म्हणजे नेमकं काय हे कळतं, म्हणून हा धागा.

सुरुवात झाली ती रंगांपासून. लुंडला बेंग्ट फाल्क होते. फाल्क आणि निल्स-ओके हिलार्प यांनी साठीच्या सुरुवातीला एक पद्धत काढली होती. गोठवून सुकवलेल्या मेंदूच्या कापांना सुमारे ८० अंशांवर फॉर्मल्डिहाइडची वाफ द्यायची. मग प्रतिदीप्ती सूक्ष्मदर्शकाखाली चेतापेशींची निरोप्या रसायनं चमकतात: डोपामिन (पार्किन्सनमध्ये ते बनवणाऱ्या पेशीच मरतात) आणि नॉरॲड्रिनलिन हिरवं, सेरोटोनिन पिवळं. चेतापेशीत कुठलं रसायन आहे ते पहिल्यांदाच डोळ्यांनी दिसायला लागलं. ब्यॉर्कलुंड या शाळेत तयार झाले. पुढे ऑले लिंडवाल यांच्यासोबत त्यांनी ग्लायऑक्झिलिक आम्ल वापरून ही पद्धत आणखी संवेदनशील केली आणि १९७४ मध्ये डोपामिनचे मार्ग बारकाईने आखले. रोपण करायच्या आधी तारा कुठून कुठे जातात हे माहीत असणं किती महत्त्वाचं, ते पुढे कळलंच.

दुसरा टप्पा १९७१ चा. प्रौढ मेंदूतल्या चेतापेशी तुटल्या की संपल्या, असं तेव्हा पाठ्यपुस्तकं सांगत. रॉबर्ट कॅट्झमन, ब्यॉर्कलुंड, उल्फ स्टेनेव्ही आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की उंदराच्या मेंदूत तुटलेले कॅटेकोलामिनचे (म्हणजे डोपामिन, नॉरॲड्रिनलिन यांच्या पेशींचे) तंतू पुन्हा फुटवे काढतात. म्हणजे वाढायची ताकद पेशीत असते, अडचण जागेची असते. मग प्रश्न आला: बाहेरून घातलेली चेतापेशी प्रौढ मेंदूत जगेल का? १९७६ च्या शोधनिबंधात स्टेनेव्ही, ब्यॉर्कलुंड आणि स्वेंडगार्ड यांनी दोन अटी सांगितल्या. ऊती भ्रूणातली हवी, आणि ती रक्तवाहिन्यांच्या दाट जाळ्याजवळ ठेवायला हवी. त्याआधीचे बहुतेक प्रयत्न फसले ते यापैकी एक अट मोडल्यामुळे.

१९७९ मध्ये दोन गटांनी जवळपास एकाच वेळी निकाल छापले: अमेरिकेतला पर्लो आणि सहकाऱ्यांचा गट, आणि लुंडमधले ब्यॉर्कलुंड व स्टेनेव्ही. एका बाजूचं डोपामिन मारलेल्या उंदरांत भ्रूणाच्या मध्यमेंदूचा तुकडा ठेवला, आणि प्राण्याचं एकाच दिशेला गोल फिरणं कमी झालं. त्यानंतर लगेचच लुंडने तुकड्याऐवजी सुट्या पेशींचं मिश्रण वापरायला सुरुवात केली. हा बदल वाटतो त्यापेक्षा फार मोठा होता. तुकडा मेंदूच्या पृष्ठभागाजवळच ठेवता येतो. मिश्रण सुईने खोल कुठेही, मोजून, सोडता येतं. आजची सगळी रोपणं या सुईवरच उभी आहेत.

माणसांवरच्या चाचण्यांबद्दल जाणकारांनी लिहावं. माझं म्हणणं एवढंच, की या पन्नास वर्षांत 'पेशी टाका, मेंदू बरा होईल' असं एकदाही सिद्ध झालेलं नाही. सिद्ध झालं ते असं: योग्य पेशी, योग्य जागी, पुरेशा जगल्या तरच फरक पडतो. आणि या तीन शब्दांनीच चाळीस वर्षं खाल्ली.

---

हणमंत_आर

धागा वाचनखुणेत ठेवला. एक बाळबोध शंका. पार्किन्सनमध्ये मरतात त्या पेशी मध्यमेंदूतल्या सबस्टँशिया नायग्रामध्ये. मग रोपण पुटामेनमध्ये, म्हणजे मेंदूतल्या दुसऱ्याच भागात, का करतात? जिथे घर पडलं तिथेच बांधायला नको का?

---

स्टिरिओटॅक्स

हणमंत, शंका बाळबोध नाही, मुद्द्याची आहे. नायग्रातल्या पेशीचा तंतू पुटामेनपर्यंत जातो. विकासाच्या काळात हे अंतर मिलिमीटरभर असतं आणि वाटेत दिशा दाखवणारे रेणू हजर असतात. प्रौढ माणसात तेच अंतर काही सेंटिमीटर, वाटेत मायलिन (तंतूंवरचं चरबीचं वेष्टण) आणि वाढ रोखणारे रेणू. म्हणून घर सोडून थेट पाणी हवंय तिथे टाकी बसवली, असा हा उपाय. डोपामिन ज्या पेशींना हवंय त्यांच्या शेजारीच डोपामिनच्या पेशी. तोटा असा की रोपलेल्या पेशींना नायग्रात येणारे नेहमीचे संदेश पूर्ण मिळत नाहीत. तरी त्या आपोआप, सतत डोपामिन सोडतात, आणि त्यावर हालचाल सुधारते. पुढे २०१४ मध्ये लुंडच्याच ग्रीलिश आणि सहकाऱ्यांनी उंदरांत मूलपेशींपासून बनवलेल्या मानवी पेशी थेट नायग्रात ठेवल्या, तर त्यांचे तंतू स्ट्रायटमपर्यंत (पुटामेन ज्याचा भाग आहे तिथपर्यंत) पोचले. पण उंदराचं अंतर ते, माणसाचं नव्हे.

आता प्राण्यांच्या प्रतिमानाबद्दल, कारण सगळी गंमत तिथे आहे आणि चुकाही तिथेच होतात.

सहा-हायड्रॉक्सीडोपामिन (६-ओएचडीए) हे विष डोपामिनच्याच वाहकातून पेशीत शिरतं आणि ती मारतं. ते मेंदूत एका बाजूच्या मध्य अग्रमेंदू पट्ट्यात (नायग्रातून निघणारे तंतू जिथून जातात त्या जुडग्यात) सोडतात. उर्बान उंगरस्टेड यांनी १९६८ मध्ये दाखवलेली ही युक्ती. साधारण प्रमाण ३ मायक्रोलिटर, ३ ते ३.५ मायक्रोग्रॅम प्रति मायक्रोलिटर, वेग मिनिटाला १ मायक्रोलिटर. सोडून झाल्यावर सुई लगेच ओढायची नाही. दोन-तीन मिनिटं तशीच ठेवायची, नाहीतर द्रव सुईच्या मागोमाग वर येतो आणि घाव अर्धवट राहतो.

नेहमीच्या चुका:

विष हवेने ऑक्सिडाइज होतं. सलाइनमध्ये ०.०२ टक्के ॲस्कॉर्बिक आम्ल, बर्फावर, अंधारात, आणि त्या दिवशीचं त्या दिवशी. गुलाबी-तपकिरी झालं की फेकून द्या. त्या बाटलीने घाव होत नाही आणि महिनाभराने कळतं.

बाटलीवर हायड्रोब्रोमाइड क्षार लिहिलं असेल तर वजन त्याचं धरायचं की मूळ आम्लारीचं, हे आधी ठरवा. हायड्रोब्रोमाइडचं रेणुवजन २५० च्या आसपास, आम्लारीचं १६९. घोळ केला तर प्रत्यक्ष डोस दोन-तृतीयांशच जातो. दोन प्रयोगशाळांचे आकडे न जुळण्यामागे हे कारण बरेचदा असतं.

नॉरॲड्रिनलिनच्या पेशी वाचवायच्या असतील तर अर्धा तास आधी डेसिप्रामिन, म्हणजे विष त्या पेशींत शिरत नाही.

घाव झाला का ते जिवंतपणीच तपासायचं. ॲम्फेटामिन २.५ मिग्रॅ प्रति किलो देऊन ९० मिनिटं फेऱ्या मोजतात. उंदीर घावाच्या बाजूला फिरतो, कारण निरोगी बाजू जास्त डोपामिन सोडते. मिनिटाला सरासरी ५-६ पूर्ण फेऱ्यांहून कमी फिरणारा प्राणी प्रयोगातून वगळायचा. ॲपोमॉर्फिन दिलं तर उलट दिशेला फिरतो, कारण घावाच्या बाजूचे डोपामिनचे ग्राही रेणू अतिसंवेदनशील झालेले असतात. दोन्ही चाचण्या वेगळं मोजतात. एकीचा आकडा दुसरीच्या जागी लिहू नये.

आणि सगळ्यात मोठा सापळा: ॲम्फेटामिनच्या फेऱ्या फार थोड्या पेशींनीही थांबतात. उंदराच्या नायग्रात एका बाजूला दहा-बारा हजार डोपामिन पेशी असतात, आणि फेऱ्या शून्यावर यायला पाचशे-हजार जगल्या तरी पुरतं. जास्त जगल्या तर प्राणी उलट फिरायला लागतो. पण पंजाने जिन्यावरचा दाणा उचलण्याची चाचणी घेतली की तेच रोपण अपुरं ठरतं. 'उंदीर बरा झाला' अशी बातमी वाचली की आधी विचारायचं, कुठल्या चाचणीत?

---

मेधा_ज

चाचण्यांचं मी लिहिते. लिंडवाल यांचा उल्लेख वर आलाच आहे. ते मूळचे डोपामिनचे मार्ग आखणारे, पुढे चेताविकारतज्ज्ञ झाले आणि लुंडमधल्या मानवी चाचण्या त्यांनी चालवल्या. प्रयोगशाळा आणि वॉर्ड एकाच इमारतसमूहात, हे लुंडचं बळ.

माणसांवरची सुरुवात भ्रूणातल्या ऊतीने झाली नाही. १९८२ मध्ये स्टॉकहोमला रुग्णाच्या स्वतःच्याच अधिवृक्क ग्रंथीचा (मूत्रपिंडावरची ग्रंथी) गाभा मेंदूत ठेवला होता. मेक्सिकोतून १९८७ मध्ये त्याच पद्धतीने नाट्यमय सुधारणेचा दावा आला, आणि वर्षा-दोन वर्षांत शेकडो शस्त्रक्रिया झाल्या. नंतर शवविच्छेदनांत त्या पेशी बहुतेक मेलेल्याच सापडल्या. पद्धत बाद झाली.

लुंडला भ्रूण ऊतीचे पहिले दोन रुग्ण १९८७ मध्ये. फायदा नगण्य. त्यांनी काय केलं? पुन्हा उंदरांकडे गेले. सुई सुमारे अडीच मिलिमीटर जाड होती, ती १ मिलिमीटरवर आणली. ऊती साठवायचं द्रावण बदललं. मग १९८९ मधले रुग्ण ३ आणि ४: त्यांच्यात फ्लोरोडोपा पेटमध्ये (डोपामिनच्या पेशी दाखवणारं मेंदूचं चित्रण) रोपण केलेल्या बाजूला फ्लोरोडोपा घेणं वाढलं आणि हालचाल सुधारली (रुग्ण ३ चा निकाल सायन्स, १९९०). रुग्ण ४ चा दहा वर्षांनी रॅक्लोप्राइड पेट झाला, म्हणजे डोपामिन सुटतं का ते बघणारं चित्रण. रोपण डोपामिन नुसतं साठवत नव्हतं, जवळपास सामान्य प्रमाणात सोडत होतं.

ऊतीबद्दल थोडं. मानवी भ्रूण गर्भधारणेनंतर ६ ते ९ आठवड्यांचं लागतं. त्याआधी डोपामिन पेशी तयार नसतात, त्यानंतर त्यांचे तंतू लांब झालेले असतात आणि कापताना तुटून पेशी मरतात. (उंदरात हाच खिडकीचा काळ १४ व्या दिवसाच्या आसपास.) त्यातही रोपणानंतर ५ ते २० टक्केच डोपामिन पेशी जगतात. बहुतेक मरण पहिल्याच आठवड्यात: ऑक्सिजन नाही, आधार सुटलेला, तंतू तुटलेला. एका पुटामेनमध्ये लाखभर जिवंत पेशी हव्या असतील तर एका बाजूला किमान तीन-चार भ्रूणांची ऊती लागते, तीही एकाच दिवशी. गर्भपात करणाऱ्या बाईची वेगळी लेखी संमती, संसर्गाच्या चाचण्या, सगळं उरकून. रॉजर बार्कर यांच्या नेतृत्वाखालच्या ट्रान्सयुरो या युरोपातल्या चाचणीत अनेक शस्त्रक्रिया ऐन वेळी रद्द कराव्या लागल्या त्या ऊती न मिळाल्यामुळेच. मूलपेशींकडे वळण्याचं पहिलं कारण तत्त्वाचं नसून पुरवठ्याचं आहे.

---

अवधूत_सांगली

पण मेधाताई, २००१ ची अमेरिकन चाचणी विसरलात का? खोट्या शस्त्रक्रियेशी तुलना केल्यावर फरक पडला नाही. म्हणजे लुंडचा सगळा परिणाम प्लासिबो, असं कुणी म्हटलं तर?

---

मेधा_ज

म्हणणारे म्हणालेच. कर्ट फ्रीड यांची ती चाचणी, ४० रुग्ण, अर्ध्यांना खोटी शस्त्रक्रिया: कवटीला भोकं पाडली, पण आतलं आवरण भेदलं नाही. मुख्य निकष होता रुग्णाचं स्वतःचं मत, एका वर्षाने. त्यात फरक नाही. साठ किंवा त्याहून कमी वयाच्यांत हालचालीचं गुणांकन मात्र सुधारलं.

पण पद्धत बघा. ऊती चार आठवड्यांपर्यंत डिशमध्ये ठेवलेली, पट्ट्यांच्या रूपात, कपाळाकडून आत घातलेली. प्रतिकारशक्ती दाबणारं औषध काहीच नाही. लुंडमध्ये सायक्लोस्पोरिन, ॲझाथायोप्रिन आणि प्रेडनिसोलोन तिन्ही दिली जायची. २००३ ची ओलॅनो यांची चाचणी, ३४ रुग्ण: सायक्लोस्पोरिन फक्त ६ महिने, आणि काही रुग्णांत सुधारणा दिसून ते थांबवल्यावर ओसरली, असंच आकड्यांत दिसतं. हा योगायोग आहे की नाही यावर मतभेद आहेत. माझं मत, नाही.

दोन्ही चाचण्यांनी खरा दणका दिला तो दुसऱ्या गोष्टीने. पार्किन्सनचं औषध बंद असतानाही रुग्णांना अनैच्छिक हालचाली सुरू झाल्या. ओलॅनोंच्या चाचणीत रोपण झालेल्या २३ पैकी १३ जणांना. सगळ्या जगातलं हे काम जवळजवळ थांबलं. कारण शोधताना पोलिटिस आणि सहकाऱ्यांनी २०१० मध्ये लुंडच्याच दोन रुग्णांत दाखवलं की रोपणात सेरोटोनिनच्या पेशी भरपूर होत्या. मध्यमेंदूचा तुकडा थोडा मागच्या बाजूने जास्त कापला गेला की शेजारच्या सेरोटोनिन पेशी सोबत येतात. त्या डोपामिन सोडतात खरं, पण परत खेचून घेत नाहीत, कारण त्यांच्याकडे डोपामिनचा वाहक नसतो. सेरोटोनिन पेशींचं काम दाबणारं बुस्पिरोन दिल्यावर त्या रुग्णांच्या हालचाली आटोक्यात आल्या. कापताना मिलिमीटरभर सुरी सरकली, त्याची ही किंमत.

अवधूत, हेच 'योग्य पेशी' म्हणजे.

---

पेट्रीडिश

आता डिशमधलं, म्हणजे मूलपेशींपासून मध्यमेंदूच्या पेशी कशा बनवतात ते. लुंडमध्ये हे काम मालिन पारमार यांच्या गटाचं. त्या ब्यॉर्कलुंड यांच्याच परंपरेतल्या, मध्ये एडिंबरोला जाऊन आलेल्या. २०११ मध्ये न्यूयॉर्कच्या लॉरेन्झ स्टुडर यांच्या गटाने (क्रिक्स आणि सहकारी) आणि २०१२ मध्ये लुंडच्या किर्केबी आणि सहकाऱ्यांनी जवळपास एकच कल्पना मांडली: भ्रूणात जसं घडतं, तसं डिशमध्ये घडवा. मध्यमेंदूच्या तळपट्टीतूनच डोपामिन पेशी जन्मतात, तर आधी तळपट्टी बनवा.

लुंडची १६ दिवसांची पद्धत थोडक्यात. अचूक आकडे प्रत्येक पेशीवंशासाठी स्वतः ठरवावे लागतात, हे आधीच सांगतो.

दिवस ०. सुट्या केलेल्या पेशी लॅमिनिन-१११ (पेशींना धरून ठेवणारं प्रथिन) लावलेल्या डिशवर, साधारण १०,००० प्रति चौरस सेंमी. पहिल्या दोन दिवसांत रॉक रोधक १० मायक्रोमोलर, नाहीतर एकट्या पडलेल्या पेशी मरतात. सोबत एसबी४३१५४२ (१० मायक्रोमोलर) आणि नॉगिन (१०० नॅनोग्रॅम प्रति मिलि). ही जोडी पेशीला चेतासंस्थेकडे ढकलते. मग सॉनिक हेजहॉग हे प्रथिन, ३०० नॅनोग्रॅमच्या आसपास: ते पेशीला पुढची-मागची नव्हे, तळाची दिशा देतं. आणि सीएचआयआर९९०२१.

या शेवटच्या नावाकडे नीट बघा, कारण सगळा खेळ याच्यावर आहे. हा रेणू जीएसके३ हे विकर रोखतो आणि डब्ल्यूएनटी हा भ्रूणातला संदेश वाढवतो, म्हणजे पेशी किती 'मागे' जाणार ते ठरवतो. शून्य ठेवला तर अग्रमेंदू. ०.४ मायक्रोमोलरच्या आसपास मध्यांतर मेंदू (अग्रमेंदूचा मध्यमेंदूला लागून असलेला भाग). ०.६ ते ०.८ ला मध्यमेंदू. १ च्या वर गेला की पश्चमेंदू. म्हणजे ०.२ मायक्रोमोलर इकडे-तिकडे आणि तुमच्या डिशमध्ये वेगळ्याच प्रदेशाच्या पेशी. विरघळवलेली बाटली वारंवार वितळवली-गोठवली तर तेवढा फरक सहज पडतो. छोट्या कुप्या करून ठेवा, एक कुपी एकदाच. दुसऱ्या गटाच्या पद्धतीतलं ३ मायक्रोमोलर बघून तेच इथे घालू नका. त्यांचं माध्यम वेगळं, पेशींची दाटी वेगळी.

दिवस ९ ला एसबी, नॉगिन, हेजहॉग, सीएचआयआर काढून एफजीएफ८बी हे वाढीचं प्रथिन (१०० नॅनोग्रॅम) घालायचं. दिवस ११ ला पेशी सोडवून पुन्हा लॅमिनिनवर, या वेळी दाट, सुमारे ८ लाख प्रति चौरस सेंमी, बीडीएनएफ (चेतापेशी जगवणारं प्रथिन) आणि ॲस्कॉर्बिक आम्लासह. दाटी कमी पडली तर पेशी सोलून निघतात. दिवस १६ ला रोपणाला तयार. त्या पूर्ण चेतापेशी नसतात, पूर्वजपेशी असतात. पूर्ण झालेली चेतापेशी सुईतून गेली की तंतू तुटून मरते. तिला जागेवरच मोठं होऊ द्यायचं.

एफजीएफ८बी कुठून आलं, याची गोष्ट महत्त्वाची आहे. २०१२ नंतर सगळे फॉक्सए२ आणि एलएमएक्स१ए या दोन खुणा (पेशीची ओळख सांगणारी जनुकं) बघत होते. दोन्ही ९० टक्क्यांवर, म्हणजे खेप उत्तम, असा समज. पण उंदरांत रोपल्यावर काही खेपांतून भरपूर डोपामिन पेशी यायच्या, काहींतून मोजक्या. लुंडने २०१७ मध्ये जुन्या खेपांचा आणि त्यांच्या रोपणांच्या निकालांचा ताळा घातला. निघालं असं की त्या दोन खुणा मध्यांतर मेंदूच्या एका भागातल्या पेशीही दाखवतात, ज्यांच्यातून डोपामिन नाही, सबथॅलॅमिक केंद्रकाच्या पेशी बनतात. त्यांची खूण बारएचएल१. यश ज्यावरून ओळखता येतं ती खूण होती ईएन१ आणि मध्यमेंदूच्या मागच्या टोकाच्या इतर खुणा. एफजीएफ८बीने खेप त्या टोकाकडे सरकते. म्हणून आता दिवस १६ ला तपासायचं: ओटीएक्स२ आणि ईएन१ हवंच, फॉक्सजी१, पॅक्स६, बारएचएल१, हॉक्सए२ या इतर भागांच्या खुणा नको, मूलपेशीची खूण ऑक्ट४ शून्य, कारण एक जरी मूलपेशी तशीच उरली तर गाठ होण्याचा धोका.

आणि वाट बघायची. मानवी पेशी उंदरातही माणसाच्याच वेगाने वाढतात. सहा महिने तरी. सहा आठवड्यांनी मोजून 'रोपण फसलं' म्हणणाऱ्या निबंधांवर विश्वास ठेवू नका. तोवर उंदीर मानवी पेशी नाकारतो, म्हणून रोज सायक्लोस्पोरिन (साधारण १० मिग्रॅ प्रति किलो) किंवा मुळातच थायमस नसलेली जात.

---

गौरी_एस

फारच सुरेख प्रतिसाद. सुईबद्दल थोडं सांगाल का? पेशी तळाशी बसतात म्हणे.

---

स्टिरिओटॅक्स

बसतात, आणि भयंकर बसतात. उंदरासाठी लुंडचं नेहमीचं प्रमाण ७५,००० पेशी प्रति मायक्रोलिटर, एकूण ४ मायक्रोलिटर, म्हणजे तीन लाख. कुपी बर्फावर, प्रत्येक प्राण्याआधी हळूच वरखाली करून मिसळायची. जोरात केलं की पेशी फुटतात, डीएनए बाहेर येऊन लगदा चिकट होतो आणि सुई बुजते. म्हणून द्रावणात डीएनेज. हॅमिल्टन सिरिंजला पुढे ओढून बारीक केलेली काचेची केशनळी लावतात. लुंडच्या निक्खा यांनी १९९४ मध्ये ही सुटसुटीत केली, टोक ५०-७० मायक्रॉन. रक्तस्राव कमी, जगणाऱ्या पेशी जास्त. बुडबुडा मात्र काढायचाच. बुडबुडा दाबला जातो, द्रव बाहेर पडतच नाही, आणि सिरिंजवरचा आकडा मात्र ४ दाखवतो. सुई आत घालण्याआधी आणि बाहेर काढल्यावर एकदा थेंब काढून बघायचा.

माणसात लुंडचं रेनक्रोना-लेग्राडी नावाचं उपकरण वापरतात. तत्त्व तेच: प्रत्येक पुटामेनमध्ये काही वाटा, सुई मागे घेत-घेत छोटे थेंब. एका जागी मोठा थेंब ठेवला तर मधल्या पेशींना रक्त पोचत नाही.

---

मेधा_ज

स्टेम-पीडीबद्दल पूरक. मूळ पेशीवंश आरसी१७, एडिंबरोचा. उत्पादन लंडनच्या रॉयल फ्री रुग्णालयात, खेप गोठवून ठेवलेली, त्यामुळे शस्त्रक्रियेचा दिवस ऊतीवर अवलंबून नाही. परवानगीआधी उंदरांत ३९ आठवड्यांचा सुरक्षा अभ्यास. ८ रुग्ण, लुंड आणि केंब्रिज मिळून, आधी कमी डोस मग जास्त.

एप्रिल २०२५ मध्ये नेचरमध्ये दोन निकाल एकत्र आले. अमेरिकेतला (बेमडॅनेप्रोसेल नावाचं उत्पादन, भ्रूण मूलपेशींपासून): १२ रुग्ण, प्रत्येक पुटामेनमध्ये ९ लाख किंवा २७ लाख पेशी. क्योटोचा, जुन ताकाहाशी यांचा: प्रेरित मूलपेशी (प्रौढ पेशी मागे नेऊन बनवलेल्या), ७ रुग्ण, कोरिन या पृष्ठखुणेने पेशी निवडून घेतलेल्या. दोन्हीत गाठी नाहीत, रोपणामुळे होणाऱ्या अनैच्छिक हालचालींचा त्रास नाही, पेटमध्ये डोपामिनची खूण वाढलेली. अमेरिकन चाचणीच्या जास्त डोसच्या गटात औषध बंद असतानाचं हालचालीचं गुणांकन १८ महिन्यांत सरासरी २३ गुणांनी सुधारलं. पण तुलनेचा गट नाही. त्यामुळे या २३ चं काय करायचं ते पुढच्या, खोट्या शस्त्रक्रियेशी तुलना असलेल्या चाचणीवरच ठरेल. २००१ आठवतंय ना, अवधूत?

---

अवधूत_सांगली

आठवतंय. माघार नाही, पण थांबतो. :)

मग प्रश्न वेगळा. आपल्याकडे जाहिराती असतात, 'स्वतःच्या अस्थिमज्जेतल्या स्टेम सेल, शिरेतून किंवा पाठीतून, पार्किन्सनपासून ऑटिझमपर्यंत'. ते आणि हे, नातं काय?

---

पेट्रीडिश

नातं नावापुरतं. अस्थिमज्जेतल्या त्या पेशी डोपामिन चेतापेशी बनत नाहीत. शिरेतून दिलेल्या बहुतेक फुप्फुसातच अडकतात. वर ईएन१ आहे की नाही यावर पानभर लिहिलं. तिथे पेशीची ओळखच तपासली जात नाही. आयसीएमआर आणि जैवतंत्रज्ञान विभागाच्या २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांत स्पष्ट आहे: ठरावीक रक्तविकारांसाठीचं रक्तपेशी प्रत्यारोपण सोडलं, तर मूलपेशींचा वापर फक्त मंजूर चाचणीत, आणि चाचणीत सहभागी होणाऱ्याकडून पैसे घ्यायचे नाहीत. कुणी लाखभर रुपये मागत असेल तर तिथेच उत्तर मिळालं. चाचणी असेल तर भारतीय चाचणी नोंदवहीतला क्रमांक मागा, आणि त्या नोंदीत तुमचाच आजार, तुमचंच रुग्णालय आहे का ते बघा. नुसता क्रमांक दाखवणं पुरेसं नाही. वेगळ्याच आजाराचा दाखवतात.

---

सई_डी

एमएस्सी जैवतंत्रज्ञानाच्या दुसऱ्या वर्षाची विद्यार्थिनी. या क्षेत्रात जायचं तर महाराष्ट्रात काय, आणि कुठलं कौशल्य आधी?

---

निग्रा

सई, आधी विकासाचं जीवशास्त्र, मग मूलपेशी. वर पेट्रीडिश यांनी लिहिलेली प्रत्येक पायरी भ्रूणातून उचललेली आहे. मुंबईला टीआयएफआरमध्ये शुभा टोळे यांचा गट मेंदूचे भाग भ्रूणात कसे ठरतात यावर काम करतो; एलएचएक्स२ हे जनुक बाह्यकाची (मेंदूच्या बाहेरच्या थराची) ओळख कशी ठरवतं, याचं त्यांचं २००८ चं सायन्समधलं काम वाचून काढ. पुण्यात एनसीसीएस आणि आयसर आहेत, बंगळुरूला इनस्टेम.

कौशल्यांत माझा क्रम: ऊतीचे काप आणि प्रतिरक्षा रंगवणं, पेशी मोजणं, मग डिश. लोक उलटं करतात. रोपणातल्या टीएच (डोपामिन बनवण्याचं विकर) रंगलेल्या पेशी मोजताना ३५-४० मायक्रॉनचे काप, दर सहावा घेऊन, अबरक्रॉम्बी दुरुस्ती लावून आकडा काढतात. दुरुस्ती विसरलीस तर एकच पेशी दोन कापांत दोनदा मोजली जाते आणि तुझं रोपण कागदावर दीडपट यशस्वी होतं. कागदपत्रं वेगळी: प्राण्यांसाठी संस्थेची प्राणी नीतिसमिती, मानवी मूलपेशींसाठी मूलपेशी समिती. दोन्ही अर्ज पहिल्या महिन्यातच टाकून ठेव.

---

हणमंत_आर

शेवटची शंका. आजार मेंदूत चालूच आहे. मग नव्या पेशींनाही तोच होणार नाही का?

---

मेधा_ज

होतो, थोड्यांना. २००८ मध्ये दोन गटांनी, त्यातला एक लुंडचा, ११ ते १६ वर्षं जुन्या रोपणांत लेवी पिंड (पार्किन्सनमध्ये पेशीत साचणारे प्रथिनाचे गोळे) दाखवले. भ्रूणातून आलेल्या, म्हणजे वयाने जेमतेम दशकभराच्या पेशींत. त्या पिंडांतलं मुख्य प्रथिन, अल्फा-सिन्युक्लिन, यजमान पेशीतून रोपलेल्या पेशीत जातं, ही कल्पना त्यातून पुढे आली. पण असे पिंड असलेल्या पेशी टक्केवारीत थोड्या, आणि रोपणाचं काम वर्षानुवर्षं चालू राहतं. लुंडच्या एका रुग्णाचं शवविच्छेदन रोपणानंतर २४ वर्षांनी झालं: रोपण केलेल्या बाजूचा पुटामेन तंतूंनी भरलेला होता. तरी शेवटच्या वर्षांत त्या रुग्णाला फायदा उरला नव्हता, कारण आजार तोवर डोपामिनच्या पलीकडे, मेंदूत इतरत्र पसरला होता. स्मृती, तोल, बद्धकोष्ठता, झोप: यांना पुटामेनमधल्या पेशी हात लावत नाहीत. म्हणून रुग्ण निवडताना ल-डोपाला (डोपामिन भरून काढणारं नेहमीचं औषध) अजून चांगला प्रतिसाद देणारा निवडतात. ल-डोपाने जे सुधारत नाही, ते रोपणानेही सुधारायची आशा धरू नये.